नागोयाहून खालच्या खोलीपर्यंत

प्रिय नाओ,

भाताच्या वाडग्याखाली घडी करून ठेवलेला हा कागद आधी वाच आणि मग जेव, नाहीतर नेहमीसारखं आधी जेव आणि मग वाच, तुझी मर्जी. आज ताटात मासा नाही. टोफू आहे, उकडलेल्या भाज्या आहेत, मुळ्याचं लोणचं आहे. मासा का नाही ते पुढे येईल. एकाच घरात राहणाऱ्या मुलाला आई पत्र लिहिते याचं तुला हसू येईल. मलाही आलं. पण दाराबाहेर उभं राहून बोलायला लागले की माझा आवाज चढतो, तू आतून काही बोलत नाहीस, मग मी आणखी चढवते, आणि शेवटी जिन्यावर बसून नाक पुसत खाली येते. बावीस वर्षं हेच चाललंय आपलं. कागदावर निदान मला ओरडता येत नाही. कालपासून खालून माणसांचे आवाज येतायत, पावलं वाजतायत, दार सरकतंय. घाबरू नकोस. वर कुणी येणार नाही. जिन्याचं दार मी लावून घेतलंय आणि विचारणाऱ्यांना सांगितलंय, वरती नुसती अडगळ आहे. अडगळ म्हटलं याचा राग मानू नकोस, दुसरं काही सुचलं नाही.

गरम पाण्याच्या झऱ्यावर जायचं खूळ तुझ्या बाबांचं. या महिनाअखेरीला ते गाडीचा परवाना पोलिसांना परत देणार होते. ऐंशीला एक वर्ष कमी, डाव्या डोळ्याने अर्धा रस्ता दिसत नाही, आणि तरी परवाना द्यायचा म्हटल्यावर पोर हिरावून नेत असल्यासारखा चेहरा. तीस वर्षं ज्या माणसाने आपल्या अख्ख्या फुरुकावा गावाला गाडी शिकवली, त्याला म्हातारपणी गाडीच्या पाठीवर ते ‘वृद्ध चालक’वालं, पानाच्या आकाराचं रंगीत चिन्ह चिकटवायची लाज वाटायची. दोन वर्षं पान खणात पडून होतं. मागच्या सोमवारी बघते तर स्वतःच अंगणात वाकून ते चिकटवतायत. “किनुए, शेवटची एक फेरी मारू,” म्हणाले. “पानं लाल झालीत. युनोसावाला जाऊ, तामोत्सुच्या सराईत. दोन रात्री राहू.” मी म्हटलं, “आणि नाओच्या जेवणाचं काय?” तर म्हणे, “फ्रीज कशाला घेतलाय मग?” तुला एकट्याला टाकून आम्ही दोघं एक रात्रसुद्धा कधी घराबाहेर राहिलो नव्हतो. माझ्या भावाच्या लग्नालाही मी एकटीच गेले होते. मी दोन दिवस रांधत होते. डबे भरले, प्रत्येकावर चिठ्ठी लावली, कोणता कधी खायचा, कोणता गरम करायचा. ते डबे मुद्दाम वर आणून ठेवले नाहीत. खाली फ्रीजमध्येच ठेवले. हे बाबांनीच सांगितलं होतं, आणि का ते मला गाव सुटल्यावर कळलं.

निघताना शेजारच्या ओनोदेराबाई फाटकाशी उभ्याच. त्यांना आपल्या अंगणातली मांजर शिंकलेलीही कळते. “कुठं, नाओकडे निघालात वाटतं, नागोयाला?” बाबा म्हणाले, “छे हो, आम्ही म्हातारे आपले गरम पाण्याला.” “बाई बाई, किती वर्षं झाली त्याला बघून! एवढं काय ते ऑफिस, आईबापांना तोंड दाखवायला सवड देत नाही!” “कामाचा माणूस आहे,” बाबा म्हणाले आणि गाडी सुरू केली. तुला माहीत आहे की नाही कोण जाणे, पण या आळीत तू अजून नागोयालाच असतोस. त्या वर्षी नव्या वर्षाच्या सुट्टीत तू घरी आलास आणि परत गेलाच नाहीस, तेव्हा आम्हाला वाटलं, महिनाभरात जाशील. महिनाभरासाठी कशाला गावभर बोभाटा? कुणी विचारलं की सांगायचो, गेला, बरा आहे. महिन्याचं वर्ष झालं, वर्षाची वर्षं झाली. एकदा तिथे पाठवलेला मुलगा परत कसा आणायचा ते आम्हाला कळेना. बाबा तर दर ऑगस्टला टपालाने नागोयाची मिठाई मागवायचे आणि स्वतःच्या हाताने आळीत वाटायचे, “नाओने धाडली” म्हणून. एक खोका तुझ्याही ताटात यायचा, आठवतं? तुझ्याच नावाची मिठाई तुलाच. मी म्हटलं होतं, अहो, निदान त्याला तरी दुसरं काही द्या. तर म्हणाले, “का? त्यानेच धाडली ना?”

गाव संपलं, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं लागली. काठ्यांना गुंडाळून वाळत घातलेल्या भाताच्या पेंढ्या ओळीने उभ्या होत्या. तेव्हा बाबा समोर बघत म्हणाले, “घर रिकामं असलं की तो खाली येईल. भूक लागली की येईलच. येऊन दोन दिवस आपल्या घरात फिरू दे त्याला. चहा करू दे. खिडकी उघडू दे.” मी म्हटलं, “आणि आपण परत आल्यावर?” “ते पुढचं पुढे. आधी उतरू तर दे.” मग कळलं मला, पानं हा नुसता बहाणा. या माणसाला तुला एकदा खाली उतरलेला हवा होता, बघायला मिळो न मिळो. त्यानंतर दोन दिवस मी एकच प्रश्न ऐकला. नारुकोला चहाला थांबलो, “उतरला असेल का गं आता?” घाटात गर्दी होती, सगळे पुलावर उभे राहून लाल डोंगराचे फोटो काढतायत आणि हा माणूस घड्याळ बघतोय, “बाराला जेवतो ना तो? मग उतरला असेल.” मला शेवटी वैताग आला. मी म्हटलं, “अहो, डोंगर बघा की जरा! त्याच्यासाठीच आलोय म्हणे आपण.” त्यांनी डोंगर बघितला आणि म्हणाले, “छान आहे,” आणि परत घड्याळ.

गाडी मात्र काय चालवली म्हणून सांगू! घाटाच्या पहिल्याच वळणावर पांढऱ्या रेषेवर चढले. दुसऱ्याला समोरच्या ट्रकने भोंगा वाजवला. मी दाराची कडी दोन्ही हातांनी धरून बसले होते. एका गावात खांबाला आरसा घासला, तेव्हा गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिले. “असला विद्यार्थी मी नापास केला असता,” म्हणाले. मी म्हटलं, “केला काय असता, पट्ट्याने बडवला असता.” हसले. मग हसता हसता डोळे पुसले. मला वाटलं डोळा दुखतोय. बसचा थांबा बघून ठेवला मी, म्हटलं परतताना बसने जाऊ, गाडी तामोत्सुचा कुणी माणूस आणून देईल. यालाही ते हो म्हणाले. भांडले नाहीत. तिथेच मला खरं म्हणजे कळायला हवं होतं, की या माणसाच्या अंगात आता भांडण राहिलेलं नाही.

नदीकाठी दगडांची चूल मांडून लोक अळकुड्यांचा रस्सा करत होते. आपणही दर शरदात करायचो. तिथे आमचं भांडण जुंपलं, तेवढं एक बरं झालं. बाबा मूळचे डोंगरापलीकडच्या यामागाताचे, आणि यामागातावाले ते यामागातावालेच. “मिसोचं वाटण आणि डुकराचं मांस घातलं की त्याला रस्सा म्हणत नाहीत, किनुए, खारट पेज म्हणतात.” मी म्हटलं, “लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पन्नास वर्षं तीच पेज ओरपताय.” शेजारच्या चुलीवरच्या पोरांनी ऐकलं आणि हसून आम्हाला दोन वाडगे दिले, सोया आणि गोमांस घातलेले, म्हणजे तुझ्या बाबांच्या बाजूचे. जिंकल्यासारखे बसले होते. अळकुडी जेवणाच्या काड्यांतून निसटली आणि त्यांना तू आठवलास. मलाही. तू सहा-सात वर्षांचा होतास. आपल्या गावच्या नदीकाठी अशीच चूल, एकच अळकुडी वाडग्यात उरलेली, तुझ्या काड्या आणि बाबांच्या काड्या एकाच वेळी तिला लागल्या. तुला गंमत वाटली, तू ओढायला लागलास. बाबांनी तुझ्या हातावर सपकन मारलं. तू इतका दचकलास की अळकुडी वाळूत पडली. “दोघांनी मिळून एक वस्तू काड्यांनी उचलायची नाही. ते मेलेल्या माणसाच्या हाडांसाठी असतं.” तू रडला नाहीस. नुसता हात बघत बसलास. त्या हातावर चार बोटं उठली होती. कुठल्या घरात मुलाला हे शिकवत नाहीत, सगळेच शिकवतात, पण कुणी इतक्या जोराने नाही. या वेळी वाडगा हातात धरून ते म्हणाले, “तेव्हा मी फार जोरात मारलं का गं?” मी म्हटलं, “जोरातच मारलं.” त्यांनी वाडगा तसाच खाली ठेवला.

तामोत्सुला तू लहानपणी पाहिलंयस. बाबांचा शाळेतला मित्र, बोलायला लागला की थांबत नाही तो. त्याची ती सराई, लाकडी, नदीवर वाकलेली, कापणीनंतर शेतकरी महिना महिना येऊन राहायचे, आपापला भात आपण शिजवायचे, दिवसातून चारदा पाण्यात बसायचे. आता आम्हीच होतो. “या, या, मालक! आज पूर्ण सराई तुमचीच. उद्याही तुमचीच. आणि हवी असेल तर कायमचीच घ्या!” तामोत्सु दारातूनच ओरडला. मागच्या वर्षीपर्यंत त्याची बायको असायची. तिचा फोटो आता फडताळावर आहे. पुरुषांचं आणि बायकांचं स्नान शेजारी शेजारी, मध्ये लाकडी भिंत, वर छतापर्यंत नाही पोचत. तिकडून आवाज इकडे येतो. तरुण होतो तेव्हापासूनची आमची पद्धत, निघायची वेळ झाली की मी भिंतीवरून हाक मारायची, “अहो, मी निघतेय!” आणि ते लाकडी बादली दगडावर दोनदा आपटायचे. म्हणजे, ऐकलं, निघतो. पहिल्या संध्याकाळी मी पाण्यात गळ्यापर्यंत बसले. बाहेर मेपलचं एक झाड नदीवर लवलं होतं, पाणी इतकं गरम की नखं दुखतात आणि मग दुखायची थांबतात. मी विचार करत होते की तू आता फ्रीजचं दार उघडलं असशील का. हाक मारली. दोन ठोके आले. तेच दोन ठोके तुलाही येतात, नाओ. मोठा भूकंप झाला त्या दिवशी कौलं पडत होती, कपाटं पडली, मी खालून किंचाळत होते आणि बाबा वर धावले, तुझ्या दाराला खांदा लावून उभे राहिले, “नाओ, बाहेर ये! नाओ!” दार उघडलं नाही. धरणी थांबल्यावर भिंतीवर आतून दोनदा वाजलं. बाबा तिथेच जिन्यावर बसले आणि म्हणाले, “आहे.” एवढंच. त्या दिवशी मला समजलं, की भूकंपाने जो उतरला नाही, त्याला आता कशानेही उतरवता येणार नाही.

आता जे सांगते ते बाबांनी मला सांगू नको म्हटलं होतं. जेवणाआधी ते तामोत्सुकडे चुलीपाशी गेले आणि मला वाटलं जुन्या गप्पा मारायला गेलेत. मी चहा घेऊन गेले तर ते गुडघ्यांवर बसलेले. चटईला कपाळ टेकवलेलं. तुझे बाबा, नाओ, जे कुणाला नीट नमस्कारही करत नाहीत. तामोत्सु त्यांना उठवत होता, “अरे इसामु, काय करतोस हे, ऊठ!” बाबा सांगत होते, माझा मुलगा आहे, घरी आहे, नागोयाला नाही. तो कुणाशी बोलत नाही पण हुशार आहे, नीटनेटका आहे, ताट धुतल्यासारखं परत ठेवतो. आमच्यामागे त्याला इथे ठेव. पाहुणे झोपले की स्नानघर घासायचं काम दे. कुणाला त्याने तोंड दाखवायची गरज नाही. पगार नको. एक खोली आणि दोन वेळचं जेवण. बघ, तामोत्सु, मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही. तामोत्सुने विस्तवातली लाकडं पुढे सारली. मग म्हणाला, “इसामु, या पानांचा हंगाम संपला की मी बंद करतोय. गुडघे गेलेत माझे. मुलगी मला सेंदाईला नेतेय, तिच्या फ्लॅटमध्ये, सहाव्या मजल्यावर. पाण्याची नळीसुद्धा दुरुस्त करून घेतली नाही यंदा. तुला पत्राने कळवणार होतो.” बाबा उठून बसले. चटईच्या काड्यांची नक्षी कपाळावर उठलेली. म्हणाले, “सहाव्या मजल्यावर? मग गरम पाणी कुठलं मिळणार तुला?” “नळाचं!” तामोत्सु म्हणाला आणि दोघे म्हातारे इतके हसले की मला चहा सांडायची भीती वाटली. मी बाहेर आले. मला माहीत होतं, तुझ्यासाठी त्या माणसाकडे जी शेवटची जागा होती, ती आत्ता गेली. इतकी वर्षं ते मनातल्या मनात तुला तिथे ठेवून झोपत असणार, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या रात्रीचं जेवण मात्र मला विसरता येत नाही. तामोत्सुने ट्राउट भाजला होता, अळंब्या होत्या, आणि अर्थातच अळकुड्या. आम्ही दोघंच समोरासमोर. बाबांनी एक अळकुडी काड्यांत धरली आणि माझ्यासमोर आणली. “घे.” मी वाडगा पुढे केला. “वाडगा नको. काड्यांनीच घे.” मी म्हटलं, “शुद्धीवर आहात का? अपशकुन!” “कोण बघतंय आता आपल्याला, किनुए? आणि नंतर आपल्यापैकी एकाला दुसऱ्याचं हे करायचंच आहे. सराव म्हणून कर.” मी घेतली, काड्यांनी. दोघांनी मिळून ती अळकुडी धरली, बुळबुळीत, आता पडेल की मग पडेल, आणि पडली नाही. ते म्हणाले, “बघ, दोघं असले की सोपं असतं. एकट्याने कसं करतात लोक?” मग आणखी म्हणाले, “मी आधी गेलो तर दुसऱ्या बाजूला कोण धरणार गं?” मी म्हटलं, जेवा गपचूप, गार होतंय. दुसऱ्याच्या ताटात पडलेलं प्रत्येक संकट मी असंच झाकत आलेय, गार होतंय म्हणून.

दुसरा दिवस आम्ही गाडीला हात लावला नाही. पाऊस होता. तीनदा पाण्यात बसलो. दर वेळी बादलीचे दोन ठोके. दर वेळी तोच प्रश्न, “उतरला असेल का?” काल सकाळी, उजाडलं तेव्हा, ते मला म्हणाले, “एकदा शेवटचं बसून येतो, मग निघू.” मीही माझ्या बाजूला गेले. बाहेर गारठा होता, भिंतीपलीकडून त्यांचं गुणगुणणं येत होतं, गाडीच्या शाळेतलं ते नियमांचं गाणं, जे तुला पाठ होतं. मग थांबलं. मला वाटलं, गळ्यापर्यंत बुडून बसले असतील. मी अंग पुसलं आणि हाक मारली, “अहो, मी निघतेय!” वाट बघितली. नदीचा आवाज येत होता. परत हाक मारली. मग मी तशीच, ओल्या केसांनी, पुरुषांच्या बाजूचा पडदा वर केला आणि आत गेले, जिथे मी आयुष्यात कधी गेले नव्हते. बादली दगडावर नीट उपडी ठेवलेली होती. डॉक्टर आले, त्या गावचे पोलीस आले, सगळे अदबीने बोलले. गार हवेतून गरम पाण्यात गेलं की या वयात असं होतं, म्हणाले, यात कुणाची चूक नसते. तामोत्सु अंगणात उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. आपली गाडी अजून तिथेच आहे, पाठीवर ते रंगीत पान घेऊन. काल संध्याकाळी फाटकाशी जी गाडी थांबलेली तू ऐकलीस, ती आपली नव्हती.

तू ओळखलंच असशील. भिंती पातळ आहेत आणि उदबत्तीचा वास जिना चढतोच. बाबा खालच्या खोलीत आहेत, उत्तरेकडे डोकं करून. उशाशी भाताचा वाडगा आहे, त्यात काड्या उभ्या रोवल्या आहेत. म्हणून तुझ्या ताटात मासा नाही, सुतकात तो शिजवत नाहीत. काल रात्री मी तुझं ताट रोजच्यासारखं ठेवलं तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तोंड उघडेना. त्याआधी, माणसं त्यांना आत आणत होती तेव्हा, मी स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीज उघडला. एकही डबा आत नव्हता. सगळे धुऊन, पुसून, ओट्यावर उपडे मांडून ठेवलेले, मोठ्यावर मधला, मधल्यावर धाकटा. खिडकीची कडी निघालेली होती. बाबांचा चहाचा कप ओला होता. तू उतरला होतास, नाओ. दोन दिवस तू आपल्या घरात फिरलास, त्यांच्या कपातून चहा प्यायलास, आणि त्यांना हे कळायला अर्धाच दिवस कमी पडला. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्याने काही होत नाही, मला माहीत आहे, तरी सांगितलं.

आज संध्याकाळी लोक भेटायला येतील. ओनोदेराबाई सकाळपासून भात शिजवतायत, बाह्या वर सारून, बिचारी बाई चांगली आहे. त्यांनी विचारलं, “नाओ नागोयाहून कधी पोचतोय?” मी म्हटलं, “आज रात्रीच्या गाडीने निघेल.” आणखी एक खोटं, पण हे शेवटचं. उद्या सकाळी दहाला बाबांना न्यायला गाडी येईल. दहन झालं की दुपारी त्यांची हाडं पुढ्यात येतील, आणि एकेक हाड दोघांनी मिळून उचलायचं, एकाची काडी बांबूची, एकाची साध्या लाकडाची, पायांपासून सुरुवात करून वर गळ्यापर्यंत. बाबांची बहीण गेली, माझा भाऊ अंथरुणाला खिळलाय, तामोत्सुला उभं राहवत नाही. एका बाजूला मी आहे. दुसऱ्या बाजूला कुणी नाही. ओनोदेराबाई म्हणाल्या, “नाओला उशीर झाला तर मी धरेन.” ज्या बाईला बावीस वर्षं आम्ही मिठाई खाऊ घालून फसवलं, तिच्या हाताने त्यांची हाडं उचलायची? बाबांचा काळा कोट मी तुझ्या दाराबाहेर खुंटीला लावलाय. तुला घट्ट होईल की सैल ते मला सांगता येत नाही, कारण तू केवढा झालायस ते मी बघितलेलं नाही. कुणी तुला काही विचारणार नाही. विचारलं तर मी उत्तर देईन, मला आता सवय आहे. नागोयाहून यायला तुला फक्त जिना उतरायचाय. तू येणार नाहीस, नाओ, हे मला ठाऊक आहे. भूकंपाने उतरला नाहीस, घर भरलेलं असताना कधीच उतरला नाहीस, आणि उद्या घर माणसांनी भरलेलं असेल. मी जिन्याकडे बघत बसणार नाही, तुला अवघड होईल. फक्त एवढं लक्षात ठेव, की गाडी निघेपर्यंत ती दुसरी बाजू तुझी आहे असंच मी सगळ्यांना सांगेन. त्यानंतर मला ओनोदेराबाईंना हाक मारावी लागेल.

ताट बाहेर ठेवायची घाई करू नकोस. भात गार झाला असेल, माफ कर.

तुझीच,
आई